कोणत्या महिन्यातला तलाव

पाळबाबांना कोणी विचारलं, "बाबा, तुमचा तलाव केवढा?" की ते उलट विचारत, "कोन्त्या महिन्यातला?" समोरचा हसला की त्यांना राग येई. आवाज चढत नसे. कानावरची विडी काढून ते ती पुन्हा कानावर ठेवत आणि पाठ फिरवून चालू लागत. मी पहिल्याच दिवशी हसलो होतो. सरकारी नोकरीत लागून दीड वर्ष झालं होतं, कमरेला नवा पट्टा होता आणि खात्यानं दिलेली, जमिनीची उंची मोजायची डंपी लेव्हल दोन खलाशांच्या, म्हणजे मोजणीच्या मदतनिसांच्या, खांद्यावरून माझ्यामागे येत होती. तलाव केवढा, या प्रश्नाला एकच उत्तर असतं आणि ते काढायला सरकारनं मला पाठवलं आहे, याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नव्हती.

मोहाडी तालुक्यातल्या त्या गावाचं नाव इथे लिहीत नाही. नाव लिहिलं तर तिथल्या काही घरांना त्रास होईल, आणि मी त्यांना पुरेसा देऊन झालो आहे. वरठीच्या स्टेशनापाशी एसटीतून उतरायचं, ओळखीच्या पानठेल्यावर ठेवलेली सायकल घ्यायची आणि धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे बांध घातलेल्या शेतांमधून, दीड-दोन तास हाणत जायचं. गाव यायच्या आधी पाळ दिसे. मालगुजारांच्या, म्हणजे तिकडच्या जमीनदारांच्या, काळात बांधलेली ती तलावाचं पाणी अडवणारी मातीची लांबलचक पाळ, तिच्यावर मोहाची आणि जांभळीची झाडं, आणि एका टोकाला एक झोपडी. त्या झोपडीत राहतात म्हणून ते पाळबाबा. खरं नाव पाटबंधाऱ्याच्या कागदात मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, पण गावात त्या नावानं हाक मारली असती तर कोणी ओ दिली नसती. कचेरीत आम्ही त्यांना बिनदिक्कत अरे-तुरे करत होतो. आता लिहिताना तसा हात वळत नाही.

ते तलावाचे पाटकरी. कुणाच्या बांधीला कधी आणि किती पाणी सोडायचं, हे ठरवणारा माणूस. आजाही तेच करत होता, बापही तेच. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला, तरी पाणी सोडणारा हात तोच राहिला, कारण दुसऱ्या कोणाला ते काम येत नव्हतं. पाणी सोडायच्या, फळीनं बंद होणाऱ्या मोरीला तिकडे तुडूम म्हणतात. तुडूम उघडलं की पाटाजवळच्या शेतात पाणी आधी शिरणार, हे उघड आहे. पाळबाबा ते होऊ देत नसत. आधी पार शेवटच्या बांध्या भिजवायच्या, मग मागे मागे येत तुडमाजवळच्या. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "तुडमाजवळचा मानूस कसाबी पितेच, सायब. फळीतून झिरपते तेवढ्यावर त्याचं धान हिरवं राह्यते. शेवटल्याचं काय?" स्वतःच्या दोन बांध्या त्या शेवटल्यांतच होत्या. त्यामुळे सुरुवातीला मला वाटलं, बेटा हुशार आहे.

पाळीवर पाय ठेवायच्या आधी ते वहाणा काढून काखेत मारत. ऊन असो, चिखल असो, काटे असोत. मला वाटलं देवधर्माचं काही असेल. तसं नव्हतं. पाळ कुठे मऊ लागते, कुठे गार लागते, हे तळव्याला कळतं म्हणे. जिथे आतून पाणी झिरपायला लागलं असेल तिथे दोन दिवस आधी माती गार पडते. "तुमच्या बुटाले काय समजते?" असं म्हणून ते माझ्या बुटांकडे अशा काही कीवेनं पाहत, की मीही दोन-तीनदा अनवाणी चाललो. मला सगळी पाळ सारखीच तापलेली लागली आणि संध्याकाळी तळपायांना फोड आले. त्यांच्या सुनेनं, पार्बतानं, तूप आणून दिलं आणि पदर तोंडाला लावून हसली.

त्यांचं खरं भांडण होतं ते बेशरमशी. जांभळट फुलांचं हे झुडूप त्या काळात कुठून तरी जिल्ह्यात आलं आणि तलावांच्या काठानं पसरायला लागलं. तोडून फेकलं तरी पडल्या जागी मूळ धरतं, म्हणून नावच तसं. पाळबाबा रोज सकाळी काठानं फिरत आणि दिसेल ते बेशरम उपटून पाळीच्या पलीकडे, तापलेल्या दगडांवर उलटं टाकत. उपटताना त्याच्याशी बोलत. "तुले कोनं आवतन देल्लं? आं? कोनाच्या लग्नाले आली तू?" एकदा त्यांच्यामागे मी होतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. वळून पाहिलं तेव्हा लाजले नाहीत. म्हणाले, "बोललं नाई तर कटाळा येते, सायब. एकल्याचं काम हाय."

एकट्याचं काम होतं हे खरं. मुलगा जवाहरनगरला कारखान्यात कामाला होता आणि बायकोपोरांसकट तिकडे राहायला जायचं त्याच्या मनात होतं. एकदा बापालाही घेऊन गेला. बाबा दोन दिवसांत परत आले. तिथे काय बिघडलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "नळाले पानी येते. पन कोन्त्या बाजूनं येते, कोनाचं तोडून येते, काई समजत नाई. घशाखाली उतरत नाई." सगळं गाव हसलं. मुलगा चिडला. शेवटी पार्बता सासऱ्यापाशी राहिली आणि मुलगा शनिवारी येऊन रविवारी जायला लागला.

आता त्या मोजणीबद्दल लिहायला हवं. आतापर्यंत टाळत आलो.

मोठ्या दुष्काळानंतरची ती वर्षं. तलावांची दुरुस्ती करायची, हद्दी पक्क्या करायच्या, काठाची रिकामी सरकारी जमीन भूमिहीनांना द्यायची, असं वरून ठरलं होतं. त्यात वाईट काहीच नव्हतं, हे मी आजही म्हणेन. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं ती रेघ मोजून काढायची, तिच्या आतला तलाव आणि बाहेरची जमीन, एवढं साधं काम. पूर्ण भरलेला तलाव कसा ओळखायचा? त्याचा सांडवा पाहायचा. जादा पाणी वाहून जाण्यासाठी बांधलेल्या दगडी सांडव्याची जी उंची, त्याच्या वर पाणी थांबणार नाही. लेव्हल लावायची, सांडव्याच्या माथ्याची उंची घ्यायची आणि तेवढ्याच उंचीनं काठाभोवती खुंट्या मारत जायच्या. पुस्तकात असंच आहे. मी वैशाखात गेलो. तलावाच्या मध्यात तेवढं डबकं उरलं होतं, सगळा काठ उघडा, लेव्हल लावायला याहून सोपा महिना नाही.

पाळबाबा तीन दिवस माझ्यामागे काठानं चालत होते. चौथ्या दिवशी एका खुंटीपाशी थांबले आणि म्हणाले, "तुमी उपाशी तलाव मोजून राहिले, सायब."

मी म्हटलं, "बाबा, मी पाणी मोजत नाही. सांडवा मोजतोय. सांडवा काही उपाशी नसतो."

"तोच उपाशी हाय. त्याच्या डोक्यावर माती नाई."

मग त्यांनी मला सांगितलं, आणि नीट सांगितलं. ऐकलं नाही असं मी म्हणू शकत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई गावाबाहेर घालवायची मिरवणूक, मारबत, निघते. त्याच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरचा एक माणूस सांडव्यावर येई. तोवर मोठे पाऊस होऊन गेलेले असत. काळी चिकण माती आणि धानाची तणस, म्हणजे पेंढा, कालवून, पायांनी तुडवून, दगडी सांडव्याच्या डोक्यावर हातभर उंच वरवंडी घालत. मागाहून पडणाऱ्या पावसाचं पाणी त्या हातभर मातीनं अडे. मधे एखादा मोठा पाऊस आलाच तर पाळबाबा फावडं घेऊन हजर असत, दोन घावांत वाट करून देत. अश्विनात धान निसवायला, म्हणजे लोंब्या टाकायला, लागतं, तेव्हा शेवटचं पाणी लागतं, आणि ते शेवटचं पाणी म्हणजे हे हातभर पाणी. काम झालं की मातीला कोणी विचारत नसे. मृगाच्या आधी बाबा ती स्वतः फोडून काढत, म्हणजे पहिल्या पुराला सांडवा मोकळा मिळे. मी वैशाखात गेलो होतो. सांडवा बोडका होता.

काठ ताटासारखा सपाट. पाणी हातभर चढलं की चाळीस-पन्नास पावलं पुढे सरकणार. म्हणजे मी मारलेल्या खुंट्यांच्या बाहेर, तलावाच्या सगळ्या अंगानं, पन्नास पावलांचा एक पट्टा होता, जो दोन-अडीच महिने तलाव असे आणि उरलेलं वर्ष जमीन. त्या पट्ट्यात देवधान, म्हणजे न पेरता येणारा रानभात, उगवे, बगळे उतरत, माशांची बारकी पिल्लं तिथल्या गुडघाभर पाण्यात वाढत. उन्हाळ्यात तिथे गावची ढोरं चरत. तिथे नांगर घालायचा नाही, हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं आणि कोणी मोडतही नव्हतं.

बाबांनी मला खुंट्यांच्या बाहेरच्या एका जांभळीपाशी नेलं. बुंध्यावर वीतभर उंचीवर वाळलेल्या चिखलाची रेघ होती. "हे पाहा. मागच्या साली पानी इथवर येऊन बसलं होतं. मारबत झाली का या तुमी. आपल्या डोळ्यानं पाहा, मंग ठोका खुट्या. मी सोता तुमच्यासंगं ठोकतो."

मी काय करायला हवं होतं हे तेव्हाही मला कळत होतं. पण पावसाच्या आधी नकाशे वर गेले पाहिजेत, असा साहेबांचा निरोप होता. ऊन असं होतं की लेव्हलची दुर्बीण डोळ्याला चटका देई. एक खलाशी तापानं पडला होता. आणि खरं सांगायचं तर, तणस घातलेली माती सरकारी नकाशात कशी दाखवायची, हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, दगडी सांडवा पक्का आहे. नकाशात पक्की गोष्टच घेता येते."

ते म्हणाले, "पक्की हाय ते. पन पुरी नाई." विडी कानावरून काढली, पुन्हा ठेवली आणि पाळीकडे निघून गेले.

मी मूळचा समुद्रकाठचा. आमच्या मागच्या दारातून खाडी दिसे. भरतीचं पाणी कुठवर येतं, उधाणाचं कुठवर, आणि श्रावणातल्या उधाणाचं कुठवर, हे आमच्याकडे चुलीपुढच्या बाईलाही तोंडपाठ असतं. काठ ही रेघ नसते, ती येण्याजाण्याची जागा असते, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. एखाद्या घाटावरच्या माणसानं ही चूक केली असती तर मी त्याला हसलो असतो. म्हणून मला स्वतःची लाज जास्त वाटते.

नकाशा मंजूर झाला. पट्टा रिकामी जमीन ठरला आणि अकरा घरांना वाटून दिला गेला. बहुतेक खरोखरच भूमिहीन होते. त्यांतला एक सोमा नावाचा, बायको आणि तीन मुली असलेला, दुसऱ्यांच्या बांध्यांत राबून पाठ वाकलेला माणूस. त्याला सनद मिळाली त्या दिवशी तो मोहाडीच्या बाजारातून पेढे घेऊन सायकलनं भंडाऱ्याला आमच्या कचेरीत आला होता. मीही एक खाल्ला.

पहिल्या वर्षी पाऊस कमी झाला, पट्ट्यात धान लागलंच नाही आणि माती चढवायची वेळही आली नाही. दुसऱ्या वर्षी चांगला झाला. मारबतीच्या दुसऱ्या दिवशी पाळबाबा माणसं घेऊन सांडव्यावर गेले, तर तिथे आधीच अकरा घरांची माणसं उभी होती. पट्ट्यातलं धान गुडघ्याला आलेलं. माती चढली की ते सगळं पाण्याखाली जाणार. तहसील कचेरीतला माणूस आला होता, आणि नकाशा वाचून दाखवायला मला बोलावलं होतं. दुपारची वेळ होती. दोन्हीकडच्या माणसांच्या हातात फावडी होती.

सोमा पुढे आला आणि बाबांच्या पाया पडला. "बाबा, माहं पयलं धान हाय. जिंदगीतलं पयलं. तुमी सांगा, मी काय करू?"

बाबांनी त्याला उठवलं नाही, हातही लावला नाही. माझ्याकडे पाहिलं. "सायब, तुमच्या कागदात माही माती कोठी हाय?"

मी नकाशा उलगडून धरला होता. वाऱ्यानं त्याची टोकं फडफडत होती. मी म्हटलं, "नाही, बाबा. मातीला जागा नाही त्यात."

"बरं," ते म्हणाले. मातीनं भरलेलं घमेलं त्यांच्या पायाशी होतं. त्यांनी ते उचललं, पाळीच्या उतारावर रिकामं केलं, हात धोतराला पुसले आणि मागच्या माणसांना म्हणाले, "चला रे. घरी चला." एवढंच. शिव्या दिल्या नाहीत, तहसीलच्या माणसाशी वाद घातला नाही. मारामारी झाली नाही म्हणून तहसीलचा माणूस खूश होऊन निघून गेला. मीही सायकल काढली. वरठीपर्यंत सारखं वाटत होतं की कोणीतरी मागून हाक मारील, पण कोणी मारली नाही.

त्या अश्विनात शेवटचं पाणी अपुरं पडलं. कोणाला तरी पाण्यावाचून ठेवायचं होतं. पाळबाबांनी सगळ्यांत आधी आपल्या दोन बांध्या कोरड्या ठेवल्या. बेटा हुशार आहे असं मला एके काळी वाटलं होतं, ते इथे लिहून ठेवतो. पार्बतानं मला पुढे सांगितलं, की लोंबी दुधात असताना त्यांचं धान वाळायला लागलं, तेव्हा ते दिवसातून दोनदा त्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन उभे राहत आणि तिथूनच पलीकडच्या बांध्यांना पाणी वळवत. ती रडली, नवऱ्यानं रविवारी येऊन बापाशी कडाक्याचं भांडण केलं. बाबांचं म्हणणं एकच, "तुडूम माह्या हातात हाय. मंग माही बांधी मांगं राहीन." पुढच्या वर्षांत पाण्याच्या वाटणीतून आणखी काही बांध्या गळाल्या. मग भांडणं सुरू झाली, आणि शेवटून पाणी सोडायची पद्धतही गेली. तुडमाजवळचे आधी, हे रीतसर ठरलं. बाबांच्या हाती फक्त फळी वरखाली करायचं काम राहिलं.

माझी बदली झाली, ती नेमकी कोकणात. खाऱ्या पाण्यापासून शेतं वाचवायला खाडीकाठानं बांध घालायचं खातं होतं, त्यात. तिथेही नकाशे, तिथेही खुंट्या, तिथेही उन्हाळा संपायच्या आत काम उरकायची घाई. पहिल्याच गावात बांधाची रेघ आखताना माझ्या तोंडून निघून गेलं, "ही खाडी कोणत्या महिन्यातली?" बरोबरचे दोघे इंजिनीअर हसले. मला कळलं, तेव्हा पाळबाबांना काय वाटलं असेल. मी ती रेघ पुसली, श्रावणाची मोठी भरती येईपर्यंत थांबलो, गावातल्या मासे मारणाऱ्या दोन म्हाताऱ्या गाबितांना बरोबर घेऊन त्यांच्या मागे काठानं चाललो, आणि बांध मूळ आखणीपेक्षा बराच मागे घेतला. पुढची जागा खाडीला सोडली. "अर्धं गाव पाण्याला दान केलंस," असं साहेब म्हणाले. तो बांध टिकला. शेजारच्या गावातला पुढे रेटून घातलेला दोनदा फुटला. त्यानंतर आमच्याकडे एक पद्धत पडली, की काठाचं काही आखायचं तर आधी वर्षभर पाणी पाहायचं, गावातल्या जाणत्यांना विचारायचं, आणि पाण्याला मोकळी जागा ठेवायची. पुढे त्याची परिपत्रकं निघाली, बैठका झाल्या, त्या कामाला मोठी मोठी नावं आली. एका बैठकीत माझा सत्कार झाला. शाल अंगावर घेतली आणि फोटोच्या वेळी मान खाली गेली, ती लोकांना नम्रता वाटली. हे सगळं मी एका म्हाताऱ्याचं नुकसान करून शिकलो, असं तिथे कुठे सांगत बसणार?

दहाएक वर्षांनी बढती मिळून पुन्हा भंडाऱ्याला आलो. आता सही करायचा अधिकार माझा होता. पहिल्या महिन्यातच तो जुना नकाशा काढवला, आणि त्याच्या दुरुस्तीचा प्रस्ताव माझ्या हातानं लिहिला. सांडव्यावर हातभर माती चढवायची वहिवाट होती, पट्टा हा तलावाचाच भाग आहे, मूळ मोजणीत चूक झाली. चूक कोणाची, तेही लिहिलं. एकच गोष्ट हवी होती. वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या होती असा पाटकऱ्याचा जबाब आणि त्याखाली अंगठा. तेवढं झालं की माती पुन्हा चढली असती आणि शेवटच्या बांध्यांना पाणी मिळालं असतं. इतकी वर्षं जे छातीवर होतं ते उतरेल, असंही मला वाटत होतं. लपवत नाही.

मुद्दाम अश्विनात गेलो. जीपनं गेलो, पण पाळीच्या अलीकडे उतरलो आणि बूट काढून हातात घेतले. बाबा झोपडीपुढे खाटेवर बसले होते. फार थकले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडला होता, तरी तोंड पाण्याकडेच होतं. काठानं बेशरम माजलं होतं, माणसाच्या उंचीचं. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. पार्बतानं चहा टाकला. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत, आणि ते गेल्याचं मला महिनाभरानं मोहाडीच्या आठवडी बाजारात कळलं. म्हणून ही भेट तेवढी शेवटची.

मी कागद वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकला. चूक माझी झाली हे वाक्य आलं तेव्हा म्हणाले, "हे काहून लिहिलं? नोकरीले धक्का लागंल."

"लागू दे," मी म्हटलं. "बाबा, फक्त तुमचा अंगठा हवा. पुढच्या मारबतीला माती चढेल. तुमच्या बांध्यांना पाणी येईल."

"माह्या बांध्यायत आता धानाऐवजी लाखोरीची दाळ टाकते पार्बता. होते तेवढी." त्यांनी पलीकडच्या काठाकडे हात केला. मग म्हणाले, "सोमाच्या दोन पोरी त्या काठावरच्या धानावर उजवल्या. तिसरी यंदा हाय. तो जागलीले तिथंच झोपडी टाकून राह्यते. त्याचं काय करता?"

"त्यांना दुसरीकडे जमीन देता येईल. मी लिहिलंय तसं."

"कोठी? दुसऱ्या तलावाच्या काठावर?"

जिल्ह्यात मोकळी सरकारी जमीन तलावांच्या काठाखेरीज कुठेच नव्हती, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी मी बोलत राहिलो. शेवटच्या बांध्यांवरची घरं मोजून दाखवली, मासे कमी झाले ते सांगितलं, तलाव गाळानं भरत चालला आहे हे सांगितलं. सगळं खरं होतं आणि त्यांना ते माझ्याआधीपासून माहीत होतं. शेवटी मी चिडलो. म्हटलं, "बाबा, हा तलाव तुमचा. जन्मभर सांभाळलात. तो जातोय, आणि तुम्ही नुसता अंगठा द्यायला नाही म्हणता?"

ते चिडले नाहीत. खाटेवर हातानं चाचपून त्यांनी चहाची बशी शोधली. "पान्याले मी अडवत होतो, सायब. ते अडत होतं, आपलं होतं म्हनून. आता तिथं मानसं बसली. त्यायले मी बसवलं नाई, पन उठवायले माहा अंगठा नाई भेटनार. माह्या शेवटल्या बांध्या वाळल्या तवा मी पाह्यलं हाय उभं धान कसं वाळते ते. सोमाले ते दाखवू?"

मी कागद घडी करून खिशात ठेवला. तलावात दुपारचं ऊन होतं. पलीकडच्या काठावर सोमाचं धान निसवलेलं, पिवळट, पाण्याला अगदी टेकून उभं होतं. मग कोणालातरी विचारायला हवं म्हणून विचारलं, "मग मी आता काय करू, बाबा?"

त्यांनी माझ्या बाजूला तोंड वळवलं. दिसत होतो की नाही कोण जाणे.

"आता काई नका करू, सायब," ते म्हणाले. "बहुत केलं तुमी."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.